हवेलीतील साक्षीदार : 'मधुमती' (१९५८) या रहस्यपटाचा वनप्रदेशातून केलेला पुनर्विचार

प्रस्तावना

वादळी रात्र, खचलेला रस्ता, अडकून पडलेले प्रवासी आणि त्यांना एका रात्रीपुरता आसरा देणारी, परंतु भुताटकीची समजली जाणारी वास्तू हा रहस्यपटाचा जगभर रूढ झालेला आरंभ आहे. ही वास्तू कधी हॉटेल असते, कधी डाकबंगला, तर कधी ओसाड हवेली. हिंदी चित्रपटापुरते बोलायचे तर कमाल अमरोही यांचा 'महल' (१९४९), बीरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२), राजा नवाथे या मराठी दिग्दर्शकाचा 'गुमनाम' (१९६५), मेहमूद यांचा 'भूत बंगला' (१९६५) आणि रामसे बंधूंचा 'हॉटेल' (१९८१) अशी या परंपरेची एक ठळक रेषा काढता येते. आपल्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतही एखाद्या वनविश्रामगृहाविषयी अशी कथा कधीच ऐकली नाही, असा मनुष्य विरळाच. त्यामुळे या चित्रपटप्रकाराकडे केवळ करमणूक म्हणून पाहून चालणार नाही. लोकमानसातील भीती कशी घडते, ती कोणाच्या उपयोगी पडते आणि तिच्या आड काय दडवले जाते, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत.

प्रस्तुत लेखात या परंपरेतील बिमल रॉय दिग्दर्शित 'मधुमती' या एकाच चित्रपटाचा विचार केला आहे. निवडीचे कारण उघड आहे. या परंपरेतील इतर बहुतेक चित्रपटांच्या केंद्रस्थानी संपत्ती, सूड किंवा प्रेमाचा उन्माद आहे. 'मधुमती'च्या केंद्रस्थानी मात्र लाकडाचा व्यापार, जंगल आणि एका आदिवासी मुलीचा मृत्यू आहे. म्हणूनच वनप्रदेशातील महाविद्यालयांत साहित्य, समाजशास्त्र वा विधी शिकविणाऱ्या अध्यापकांना हा चित्रपट अधिक जवळचा वाटावयास हवा. या चित्रपटातील भूत हे भयाचे साधन नसून साक्षीचे साधन आहे आणि हेच त्याचे सामर्थ्य व हीच त्याची मर्यादा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

चित्रपटाची पार्श्वभूमी

'मधुमती' १९५८ च्या सप्टेंबर महिन्यात प्रदर्शित झाला. निर्मिती व दिग्दर्शन बिमल रॉय यांचे, कथा ऋत्विक घटक यांची, संवाद राजिंदरसिंग बेदी यांचे, गीते शैलेंद्र यांची आणि संगीत सलील चौधरी यांचे. छायाचित्रण दिलीप गुप्ता यांनी केले, तर संकलन हृषीकेश मुखर्जी यांनी. दिलीपकुमार, वैजयंतीमाला, प्राण, जयंत आणि जॉनी वॉकर यांच्या त्यात भूमिका होत्या. या चित्रपटाला नऊ फिल्मफेअर पारितोषिके मिळाली व हा विक्रम पुढे सदतीस वर्षे अबाधित राहिला. फिल्मफेअरने पार्श्वगायनासाठी दिलेले पहिले पारितोषिक लता मंगेशकर यांना याच चित्रपटातील गाण्यासाठी मिळाले.

चित्रीकरणाचा तपशीलही बोलका आहे. बाह्यचित्रण नैनीतालच्या परिसरात झाले, परंतु मुंबईस परतल्यावर त्यातील बराचसा भाग धूसर होऊन निकामी झाल्याचे आढळले. तेव्हा इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात कृत्रिम पाइन वृक्ष उभारून उर्वरित चित्रण पूर्ण करण्यात आले. म्हणजे पडद्यावर हिमालयाच्या पायथ्याचे म्हणून दिसणारे जंगल काही अंशी महाराष्ट्राच्या भूमीवर रचलेले आहे. हा निव्वळ योगायोग असला तरी समीक्षकाने तो ध्यानात ठेवावा. हे जंगल कोणत्याही एका प्रदेशाचे नाही, ते रचलेले आहे, या पुढे येणाऱ्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे.

कथानकाची द्विस्तरीय रचना

देवेंद्र हा अभियंता पत्नी व मुलाला आणण्यासाठी आपल्या मित्रासह रेल्वे स्थानकाकडे निघाला आहे. वादळात दरड कोसळून रस्ता बंद होतो आणि दोघे एका जुन्या हवेलीत आसरा घेतात. त्या वास्तूत पाऊल ठेवताच देवेंद्रला ती ओळखीची वाटू लागते. कोणा स्त्रीचे रडणे त्याच्या कानी येते. तेथील एक व्यक्तिचित्र आपणच पूर्वी रंगविले होते असे त्याला वाटते आणि त्याचा गतजन्म उलगडत जातो.

त्या जन्मी तो आनंद होता, श्यामनगर टिंबर इस्टेटचा नवा व्यवस्थापक. डोंगरात भटकणे आणि चित्रे काढणे हा त्याचा छंद. तेथे त्याची मधुमती या आदिवासी मुलीशी भेट होते व दोघांत प्रेम जमते. इस्टेटचा मालक राजा उग्रनारायण हा उन्मत्त जमीनदार आहे. तो आनंदला कामानिमित्त दूर धाडतो. आनंद परततो तेव्हा मधुमती नाहीशी झालेली असते. जाब विचारायला गेलेल्या आनंदला मालकाची माणसे बेशुद्ध होईपर्यंत मारतात. पुढे भ्रमिष्टासारखा हिंडणाऱ्या आनंदला मधुमतीसारखीच दिसणारी माधवी भेटते. प्रथम ती त्याच्यावर विश्वास ठेवत नाही. त्याने काढलेले मधुमतीचे रेखाचित्र पाहिल्यावर मात्र तिला सत्य उमगते. मग दोघे मिळून बेत आखतात. आनंदने उग्रनारायणचे चित्र रंगविण्याच्या निमित्ताने हवेलीत जावयाचे, ठरल्या वेळी माधवीने मधुमतीच्या वेशात समोर यावयाचे आणि घाबरलेल्या उग्रनारायणकडून कबुलीजबाब मिळवावयाचा.

बेत सफल होतो. उग्रनारायण गुन्हा कबूल करतो आणि पोलीस त्याला अटक करतात. त्याच क्षणी आनंदच्या ध्यानात येते की समोरच्या स्त्रीने विचारलेले प्रश्न माधवीला ठाऊक असणे शक्यच नव्हते. एवढ्यात खरी माधवी धावत येते. तिला वाटेत उशीर झालेला असतो. म्हणजे आलेली मधुमतीच होती. आनंद तिच्या मागे गच्चीवर जातो आणि जेथून मधुमती पडली तेथूनच कोसळून मरण पावतो. चौकटकथेच्या अखेरीस रेल्वे अपघाताची वार्ता येते, परंतु देवेंद्रची पत्नी सुखरूप असते. ती मधुमतीच आहे, हे प्रेक्षकाला कळते.

तोतया भूत आणि खरे भूत

भुताटकीच्या कथांचे सामान्यतः दोन वर्ग पाडता येतात. पहिल्या वर्गात अखेरीस भूत नव्हतेच असे सिद्ध होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲन रॅडक्लिफ या इंग्रज कादंबरीकर्तीने हे तंत्र रूढ केले. दुसऱ्या वर्गात भूत खरेच असते. त्स्वेतान तोदोरोव्ह या समीक्षकाने १९७० मध्ये फ्रेंच भाषेत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या दोहोंच्या सीमारेषेवरील संभ्रमाची अवस्था हेच अशा वाङ्मयाचे खरे क्षेत्र मानले. घडलेल्या गोष्टीचा उलगडा बुद्धीने करावा की अद्भुत मान्य करावे, हे वाचकाला जोवर ठरविता येत नाही तोवरच हा प्रकार जिवंत राहतो, असे त्याचे म्हणणे.

'महल'मध्ये हा संभ्रम बुद्धीच्या बाजूने मिटतो. हवेलीत दिसणारी कामिनी ही प्रत्यक्षात माळ्याची मुलगी आशा आहे, हे न्यायालयात तिच्याच तोंडून उघड होते. 'मधुमती'त क्रम नेमका उलटा आहे. येथे भूत तोतया आहे हे प्रेक्षकाला आधीच सांगितलेले असते. आपण एका युक्तीचे साक्षीदार आहोत अशा समजुतीने तो हवेलीतील प्रसंग पाहतो. युक्ती यशस्वी झाल्यावर त्याला कळते की युक्ती घडलीच नाही, जे घडले ते खरे होते. बुद्धिवादी स्पष्टीकरण प्रथम देऊन नंतर काढून घेण्याची ही रचना त्या काळच्या हिंदी चित्रपटात दुर्मिळ आहे. दिग्दर्शकाचे कौशल्य असे की, या उलटापालटीसाठी त्याला दृश्यचमत्कृतीचा आधार घ्यावा लागत नाही. केवळ प्रश्नांच्या आशयातून तो ती साधतो. पडद्यावरची स्त्री तीच, वेश तोच, आवाज तोच. बदलते ते फक्त तिच्यापाशी असलेले ज्ञान.

हे ज्ञान म्हणजेच साक्ष होय. आपल्यावर काय गुदरले हे फक्त मधुमतीला ठाऊक आहे. आनंद तेथे नव्हता, माधवी तर तिला ओळखतही नव्हती, आणि उग्रनारायणची माणसे त्याच्याविरुद्ध बोलणार नाहीत. गुन्ह्याचे रहस्य उलगडायचे तर मृत मुलीलाच बोलावे लागेल, अशा कोंडीत कथानक जाणीवपूर्वक आणून ठेवलेले आहे. म्हणून या चित्रपटातील भूत पाहून प्रेक्षक दचकत नाही. तो ते काय विचारते याकडे कान लावून बसतो.

न्यायालयाची अनुपस्थिती

येथे बिमल रॉय यांच्या पूर्वीच्या 'दो बीघा जमीन' (१९५३) या चित्रपटाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यात शंभू हा गरीब शेतकरी जमीनदाराने उभ्या केलेल्या खोट्या हिशेबाविरुद्ध न्यायालयात उभा राहतो आणि निकाल त्याच्या विरुद्ध जातो. कागद जमीनदाराच्या बाजूने बोलतो, शंभूचा शब्द कोणी मानीत नाही. पाच वर्षांनी त्याच दिग्दर्शकाने पुन्हा जमीनदार व दुर्बल यांचा संघर्ष मांडला, तेव्हा त्याने पीडिताला न्यायालयात नेलेच नाही. त्याने भुताला हवेलीत आणले. हा बदल निव्वळ चित्रपटप्रकाराच्या गरजेतून झाला असे म्हणता येईल. परंतु दोन्ही चित्रपट एकापाठोपाठ पाहिले असता, पहिल्यातील न्यायालयाविषयीचा अविश्वास दुसऱ्यात गृहीत धरलेला आहे, असे जाणवल्यावाचून राहत नाही.

पोलीस अखेरीस येतात, परंतु केव्हा? गुन्हेगार स्वतःच्या तोंडाने बोलल्यानंतर. १८७२ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या २५ व्या कलमानुसार पोलीस अधिकाऱ्यापाशी दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. २९ व्या कलमानुसार, अन्यथा ग्राह्य असलेला कबुलीजबाब केवळ फसवणुकीने मिळविला म्हणून अग्राह्य ठरत नसे. पटकथाकाराने या कलमांचा विचार केला होता असा दावा करण्याचे कारण नाही. तरीही पोलिसांपाशी नव्हे, तर भुतापाशी दिलेला हा कबुलीजबाब या दोन कलमांमधल्या वाटेने जातो, हे विधी शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी रोचक ठरावे. मूळ मुद्दा असा की, या व्यवस्थेत मधुमतीच्या शब्दाला स्वतंत्र किंमत नाही. तिचा शब्द उग्रनारायणच्या कबुलीत रूपांतरित झाल्यावरच तो पुरावा होतो.

चित्रपटातील दोन चित्रेही हेच सांगतात. उग्रनारायणचे तैलचित्र पुढच्या जन्मापर्यंत हवेलीच्या भिंतीवर टिकून आहे. मधुमतीची खूण म्हणून मागे उरते ते आनंदने कागदावर काढलेले रेखाचित्र. मालकाची नोंद वास्तू ठेवते, आदिवासी मुलीची नोंद तिच्यावर प्रेम करणारा बाहेरचा पुरुष ठेवतो. तिने स्वतःविषयी ठेवलेली कोणतीही नोंद नाही.

जंगल : दृश्य आणि अदृश्य

या चित्रपटाचे जंगल अतिशय मोहक आहे. धुके, दऱ्या आणि वृक्षांतून येणारा अदृश्य गायिकेचा आवाज यांनी दिलीप गुप्ता व सलील चौधरी या दोघांनी मिळून एक काव्यमय प्रदेश उभा केला आहे. परंतु श्यामनगर ही टिंबर इस्टेट आहे, हे कथानक सांगते आणि विसरते. लाकूड कोण तोडतो, मजुरी काय मिळते, ज्या डोंगरावर मधुमती गाते त्या डोंगरावर हक्क कोणाचा, हे प्रश्न पटकथा उपस्थित करीत नाही. आनंद सहृदय आहे खरा, पण तोही त्याच इस्टेटचा व्यवस्थापक आहे. त्याचा उग्रनारायणशी झगडा स्वाभिमानाचा व प्रेमाचा आहे, लाकडाचा नाही.

आदिवासी जीवनाचे चित्रणही असेच ठोकळेबाज आहे. वेशभूषा, जत्रा व नृत्ये आकर्षक असली तरी ती कोणत्याही एका जमातीची नाहीत. ही उणीव अज्ञानातून आली असे म्हणता येत नाही. कथालेखक ऋत्विक घटक यांनी १९५५ मध्ये बिहारमधील आदिवासी जीवनावर माहितीपट केला होता, आणि 'मधुमती'च्याच वर्षी आलेल्या त्यांच्या 'अजांत्रिक' या बंगाली चित्रपटात छोटा नागपूरच्या ओरांव लोकांचे जीवन व नृत्य त्यांच्या खऱ्या परिसरात दिसते. एकाच लेखकाच्या दोन कृतींतील हे अंतर मुंबईच्या व्यावसायिक चौकटीने निर्माण केलेले आहे. 'अजांत्रिक'मधील आदिवासींना नाव आहे, 'मधुमती'तील आदिवासींना केवळ रंग आहे.

आपल्या जिल्ह्यांच्या संदर्भात हे अंतर अधिक बोचते. येथील जंगलाला मालकीचा इतिहास आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. ज्या प्रेक्षकाला हा इतिहास ठाऊक आहे, त्याला श्यामनगरचे जंगल धुक्याने वेढलेले दिसते ते केवळ सौंदर्यासाठी नव्हे. त्या धुक्यात मालकीचा प्रश्न दिसेनासा होतो.

देसाईगंजची साक्ष

'मधुमती' प्रदर्शित झाल्यानंतर चौदा वर्षांनी, २६ मार्च १९७२ रोजी, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथील पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन, मजुरी करणाऱ्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी त्याच ठाण्यातील दोन पोलीस होते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष मुक्तता केली. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, म्हणून संमती नव्हती असे म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा रोख होता. ती मुलगी जिवंत होती आणि न्यायालयात बोलली होती. तिच्या शब्दावर विश्वास ठेवण्यात आला नाही.

या निकालाविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार व वसुधा धगमवार या चार विधी-अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये फौजदारी कायद्यात दुरुस्ती झाली. साक्ष अधिनियमात ११४-अ हे कलम आले. कोठडीतील अत्याचारासारख्या प्रकरणांत शरीरसंबंध सिद्ध झाला व आपली संमती नव्हती असे स्त्रीने न्यायालयात सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने गृहीत धरावे, असे त्याने ठरविले. २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. पीडितेची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई करणारे दंडसंहितेचे २२८-अ हे कलमही त्याच दुरुस्तीने आले. हा खटला विधी अभ्यासक्रमात आजही त्या मुलीच्या नावाने शिकविला जातो. येथे ते नाव हेतुतः घेतलेले नाही.

चित्रपट आणि खटला यांची अशी जोडणी कृत्रिम आहे, असा आक्षेप येऊ शकेल. चित्रपट १९५८ चा आहे आणि खटला त्यानंतरचा. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव असण्याचा प्रश्नच नाही. येथे प्रभावाचा दावा नाही, तुलनेचा आहे. सत्तेच्या वास्तूत एक आदिवासी मुलगी नेली जाते आणि तेथे काय घडले ते सांगणारी ती एकटीच असते. ही परिस्थिती दोन्हीकडे समान आहे. चित्रपटात ती मरते, भूत होऊन येते आणि तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर मिळते. वास्तवात ती जगते, माणूस म्हणून बोलते आणि तिचा शब्द अपुरा ठरतो. मृत मधुमतीवर प्रेक्षकाने विश्वास ठेवला. तो सहज ठेवता आला, कारण त्या विश्वासाची कोणतीही किंमत त्याला मोजावी लागत नव्हती. जिवंत मुलीवर विश्वास ठेवायचा तर कायदा बदलावा लागला.

भूत, भानामती आणि प्रेक्षक

दुसरा आक्षेप विवेकवादी भूमिकेतून येऊ शकतो. तोतया भुताची कथा अंधश्रद्धेवर प्रहार करू शकली असती. अखेरीस खरे भूत आणून दिग्दर्शकाने तिला पाठबळ दिले, असे म्हणता येईल. आपल्या भागात हा आक्षेप हलक्याने घेण्यासारखा नाही. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ मध्ये अमलात आला. तरीही ऑगस्ट २०२१ मध्ये जिवती तालुक्यातील वणी (खुर्द) येथे भानामतीच्या संशयावरून वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली आणि मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातील बारसेवाडा येथे जादूटोण्याच्या संशयावरून एका स्त्रीला व एका पुरुषाला जाळून मारण्यात आले.

या घटनांकडे रहस्यकथेच्या अंगाने पाहिले तर एक अस्वस्थ करणारी गोष्ट लक्षात येते. तेथेही लोक आपल्या परीने एक 'रहस्य' सोडवीत असतात. आजार किंवा मृत्यू यांचे कारण कळत नाही, तेव्हा त्यामागे कोणाचा तरी अदृश्य हात आहे असे ठरते आणि तो हात शोधला जातो. गुन्हेगार सापडला की कथा संपते, ही रहस्यपटाची सवय आणि गावातील संशयाची रीत यांचा आकृतिबंध एकच आहे. फरक पडतो तो पुराव्याने. म्हणून रहस्यपटाचे मूल्यमापन करताना 'भूत खरे की खोटे' एवढाच प्रश्न अपुरा आहे. 'दोषी कशाच्या आधारे ठरला' हा प्रश्न अधिक मोलाचा आहे.

या कसोटीवर 'मधुमती' अर्धीच उतरते. तिच्यातील भूत दुर्बलावर आरोप करीत नाही, बलवानाला प्रश्न विचारते. गावातील संशयात दुर्बल व्यक्तीच चेटकीण वा करणी करणारी ठरविली जाते. ही दिशा उलटविणे ही या चित्रपटाची नैतिक मिळकत आहे आणि ती नाकारता येत नाही. परंतु त्यानंतर चित्रपट जे करतो त्याने ही मिळकत विरून जाते. गुन्हेगाराला अटक होताच कथेला त्याच्यात रस उरत नाही. खटला, शिक्षा, इस्टेटचे पुढे काय झाले, मधुमतीच्या माणसांचे काय झाले, यांपैकी काहीही न सांगता कॅमेरा आनंदच्या मागे गच्चीकडे वळतो आणि पुनर्जन्माच्या पुनर्मीलनात सारे मिटते. पुढच्या जन्मी मधुमती देवेंद्रची पत्नी राधा आहे. जंगल, जमात, डोंगरावरचे गाणे यांपैकी काहीही तिच्यापाशी उरलेले नाही. न्याय म्हणून तिला जे मिळते, त्याची किंमत तिचे आदिवासीपण ही आहे.

समारोप

वरील विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष मांडता येतील.

१. 'मधुमती'त भुताटकीची वास्तू ही भय निर्माण करणारी जागा नसून, जी साक्ष कोणत्याही संस्थेने नोंदवून घेतली नसती ती नोंदविण्याची जागा आहे.

२. तोतया भुताचे स्पष्टीकरण देऊन ते काढून घेण्याची या चित्रपटाची रचना केवळ तंत्रचातुर्य नाही. पीडितेचे ज्ञान दुसऱ्या कोणालाही तिच्या वतीने उच्चारता येत नाही, हा आशय त्या रचनेतूनच व्यक्त होतो.

३. जंगलाच्या मालकीचा व श्रमाचा प्रश्न उपस्थित करण्याइतके साहित्य कथेत असूनही चित्रपट तो टाळतो आणि पुनर्जन्माच्या कल्पनेने सामाजिक अन्यायाचे रूपांतर वैयक्तिक वियोगात करतो.

४. आदिवासी स्त्रीच्या शब्दाला मृत्यूनंतरच प्रामाण्य देणारी ही कल्पना व देसाईगंज खटल्याचा इतिहास एकत्र अभ्यासले, तर साहित्य, चित्रपट व विधी या तिन्ही शाखांच्या अध्यापनास उपयुक्त सामग्री हाती येते.

देसाईगंज, म्हणजेच वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचेही केंद्र आहे. धान निघाल्यावर हिवाळ्याच्या रात्री हजारो माणसे जेथील नाट्यमंडळांचे प्रयोग पहाटेपर्यंत पाहतात, त्याच गावाच्या ठाण्यातून भारतीय साक्षीच्या कायद्याला कलाटणी देणारा खटला उभा राहिला. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांना यातील पहिली गोष्ट ठाऊक असते, दुसरी नसते. १९७९ मध्ये ते पत्र लिहिणारे चौघे अध्यापकच होते, हे लक्षात घेता ही उणीव भरून काढण्याचे काम कोणाचे आहे, हे वेगळे सांगावयास नको. चित्रपटगृहात मधुमतीचे प्रश्न ऐकण्यासाठी कान टवकारणारा विद्यार्थी वर्गात त्या मुलीची साक्षही तितक्याच लक्षपूर्वक वाचू शकला, तर रहस्यपटाच्या अभ्यासाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.